दारासमोरचे झाड धोकादायक झाले आहे का?

9 एप्रिल 2023 च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराजवळच्या टिनाच्या शेडखाली भाविक आसऱ्याला थांबले होते. शेजारचे जुने कडुनिंब शेडवर कोसळले आणि सात जण दगावले. आपल्या विदर्भात एप्रिल ते जून हा वादळांचा काळ. कळमेश्वरातही अनेक घरांच्या छतांवर रस्त्याकडेच्या जुन्या झाडांच्या फांद्या आलेल्या आहेत.

म्हणून झाडच नको, असे मात्र नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा हीच सावली उष्माघातापासून वाचवते. केवळ वयामुळे झाड धोकादायक होत नाही. ते कमकुवत होते मुळे तुटल्याने किंवा खोड आतून कुजल्याने. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच पसरलेली असतात. नाली, जलवाहिनी किंवा केबलसाठी खोदकाम झाले की ती कापली जातात. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले तर उरलेल्या मुळांना हवा-पाणी मिळत नाही.

पुढील लक्षणे दिसली तर सावध व्हा : बुंध्याशी किंवा खोडावर उगवलेली कठीण बुरशी, मोठी ढोली, शेंड्याकडून वाळत आलेल्या फांद्या, दुबेळक्यात पडलेली चीर, अचानक वाढलेला कल आणि कलाच्या विरुद्ध बाजूला उचललेली किंवा भेगाळलेली माती. शेवटची दोन लक्षणे दिसल्यास एक दिवसही थांबू नका.

सार्वजनिक जागेवरील झाड स्वतः तोडू नका. शहरी भागात 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. नगर परिषदेकडे फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेलेले, रोगट किंवा जीविताला धोका असलेले झाड काढण्यास हा कायदा आडकाठी करत नाही. पुष्कळदा वाळलेल्या फांद्या छाटल्या तरी भागते. शेंडा सरसकट उडवू नये. त्या जागी फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात.

झाड पडलेच तर आधी तारा पाहा. तुटलेली तार जिवंतच समजा, लांब राहा आणि महावितरणला 1912 वर कळवा. जखमीला ओढून काढू नका. मान व पाठ एका रेषेत ठेवा आणि 108 ला फोन करा. हातपाय खोडाखाली दबला असेल तर किती वेळ दबला होता ते डॉक्टरांना जरूर सांगा. बराच वेळ दबलेल्या स्नायूंवरील भार निघताच त्यांतले पोटॅशियम रक्तात उतरते, त्याने हृदय थांबू शकते. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. बाहेरून जखम दिसत नसली तरी अशा रुग्णाला घरी नेऊ नका, थेट रुग्णालयात आणा.

पावसाळ्यापूर्वी एकदा आपल्या गल्लीतील झाडांच्या बुंध्याशी जाऊन नीट पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.