गडकऱ्यांचं नाटक, गुर्जरांची पदं

कोपरीतून स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की थोड्याच अंतरावर तलावपाळी लागते. तिथलं गडकरी रंगायतन तुम्हाला ठाऊक आहेच. १९७८ साली सुरू झालेलं हे नाट्यगृह. बालनाट्याच्या मध्यंतरात वडा खाताना कधी आईबाबांना विचारलंत का, हे गडकरी कोण?

राम गणेश गडकरी. जन्म १८८५ चा, गुजरातेत नवसारीला. कविता लिहायचे ‘गोविंदाग्रज’ या नावाने, विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. मुलांसाठी ‘चिमुकली इसापनीती’सुद्धा त्यांनी लिहिली. पण खरा ध्यास नाटकाचा! आणि ऐन तिशीत त्यांना क्षयाने गाठलं.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधून काढला होता. म्हणजे शत्रू कोण ते कळलं होतं, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडलं १९४३ मध्ये. मधल्या साठ वर्षांत रुग्णाला सांगायचे काय? मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती. (आज नियमित औषधं घेतली तर बहुतेकांचा क्षय पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात.)

विश्रांती कसली घेणार? ‘एकच प्याला’, ‘भावबंधन’, ‘राजसंन्यास’ अशी नाटकं हातात होती. त्यात संगीत नाटक म्हणजे नुसते संवाद लिहून भागत नाही. पदं हवीत. चालीत अक्षरं नेमकी बसायला हवीत, शिवाय ते पद त्या पात्राच्या तोंडी शोभलं पाहिजे. ताकद लागते हो त्याला!

इथे मित्र कामी आला. विठ्ठल सीताराम गुर्जर, गडकऱ्यांच्याच वयाचे, स्वतः नावाजलेले कथालेखक. ‘एकच प्याला’ची पदं त्यांनी लिहून दिली. आजारी मित्राजवळ बसून हळहळणारे पुष्कळ भेटतात, त्याचं अर्धं राहिलेलं काम उचलणारा विरळा. आणि काम कसलं, तर ज्याचं श्रेय लोक दुसऱ्यालाच देणार!

‘भावबंधन’ गडकऱ्यांनी मृत्यूच्या थोडंच आधी पुरं केलं. गंमत बघा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हे नाटक पोट धरून हसवणारं आहे. काहीजण म्हणतात, दुःखामुळे प्रतिभा फुलते. मला काही ते पटत नाही. आजाराने त्यांना काहीच दिलं नाही, उलट वेळ मात्र हिरावून नेला. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेरला ते गेले. वय अवघं ३३.

त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, आणि त्यांच्या गळ्यातून गुर्जरांचे शब्द. ‘भावबंधन’ही त्याच वर्षी बळवंत मंडळीने केलं. ‘राजसंन्यास’ मात्र अपुरंच राहिलं.

तुमच्या वर्गातही कुणाला दम्याचा पंप जवळ ठेवावा लागत असेल, कुणाला रोज इन्सुलिनची सुई. स्नेहसंमेलनाची तालीम लागली की ‘त्याला नको, त्रास होईल’ असं आपणच परस्पर ठरवून टाकतो. आधी त्याला विचारा ना, कुठलं काम करायचंय! तालमीला येता आलं नाही त्या दिवशी त्याचे संवाद कोण म्हणेल, तेही त्याच्यासोबतच ठरवा.

आणि ‘एकच प्याला’चं एखादं पद कानावर पडलं, तर घरात विचारून बघा, हे कुणी लिहिलं? बहुतेक उत्तर येईल, ‘गडकरी!’