दोनशे ग्रॅमचा ल्युअर फेकायला काठी कोणती?

आपल्या खडकपूर्णेत मरळीसाठी ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकलंत तर ते साधारण 10-20 ग्रॅमचं असतं. उत्तर अमेरिकेतल्या मस्की माशासाठी मात्र 100-200 ग्रॅमचे ल्युअर दिवसभर फेकतात. सॅम्पलिंगला गळ वापरणार असाल, तर काठी घेण्याआधी थोडं गणित करा.

रॉडवर ल्युअरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, बऱ्याचदा औंसात. 1 औंस म्हणजे 28.35 ग्रॅम; 200 ग्रॅम झाले जवळपास 7 औंस. मर्यादेपेक्षा जड ल्युअर जोरात फेकला की काठी मोडू शकते. फार हलका असेल तर काठी वाकतच नाही, मग उसळी येणार कुठून?

आता लांबी. हात त्याच कोनीय वेगाने फिरवला, तर 7 ऐवजी 9 फुटी काठीच्या टोकाचा वेग सुमारे 29 टक्के जास्त. पण फुकट काही नाही बरं का! टोकावरचं तेच वजन मनगटाला तितक्याच पटीत जड लागतं. म्हणून मस्कीच्या काठीला दोन हातांची लांब मूठ असते.

आणि पद्धतीच्या प्रकरणात ल्युअरचा आकार लिहाच. मोठं आमिष लहान मासा सहसा घेत नाही. नोंदीत लहान मासे नाहीत, म्हणजे धरणात नाहीत असं होत नाही.