लाल दोऱ्याचे घड

ज्याची सारी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली, त्याने रसायनशास्त्रावर लेख लिहावा हे पाहून जाणते लोक हसतील. हसोत बापडे! वॅगनचा नंबर, रिकाम्या वॅगनचे वजन, पावती, सील आणि तुटीचे दावे, एवढेच माझे शास्त्र. पण गेल्या दिवाळीत भुसावळच्या आमच्या घरी असे एक प्रकरण घडले, की माझे हे शास्त्र आणि मुंबईकडच्या प्रयोगशाळेतले शास्त्र एकमेकांना सख्ख्या भावांसारखे भेटले. ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

गोष्ट आमच्या सौ.ची आहे, आणि तिला विचारूनच लिहितो आहे. पहाटे पाचला अंगणात सडा पडायचा, सहाला चहा, आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घरभर भाजणीचा वास, असा तिचा खाक्या. दोन वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण गेली आणि हळूहळू हे सारे थांबले. तुळस वाळली. भरताला मीठ आहे की नाही याची शुद्ध राहिना. रात्री झोप नाही, दिवसा बोलणे नाही. आम्ही आधी अशक्तपणा म्हणून टॉनिके दिली, मग कोणी म्हणाले म्हणून अंगारेही लावले. अखेर जळगावच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले, "हे नैराश्य आहे. आजार आहे, स्वभाव नव्हे. औषधाने बरे वाटेल, पण काही आठवडे धीर धरावा लागेल." आणि एसिटालोप्राम नावाची दहा मिलिग्रॅमची रोज रात्री एक गोळी लिहून दिली.

आता पेन्शनर माणूस! पहिली पट्टी महागाची घेतली, पुढच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून आणल्या. तीन महिने झाले तरी सौ. होती तिथेच. मग माझ्या मनात किडा शिरला. स्वस्त ती गोळी खडूची तर नसेल? डॉक्टरांना तसे बोलून दाखविले. ते म्हणाले, "तर्क कशाला? रक्तात औषध किती आहे ते मोजून घेऊ." रात्रीची गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी रक्त काढले, ते मुंबईला गेले, आणि दिवाळीच्या तोंडावर कागद आला. एक मिलिलिटर रक्तद्रवात औषध ७ नॅनोग्रॅम. शेजारी छापले होते, अपेक्षित १५ ते ८०.

झाले! मी चप्पल पायात सरकवली आणि दुकानदाराशी भांडायला निघालो. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि माझा भाचा उतरला. हा नवी मुंबईला एका प्रयोगशाळेत रक्तातली औषधेच मोजतो. दिवाळीला मामाकडे यायचा त्याचा नेम आहे. कागद पाहून तो म्हणाला, "मामा, चप्पल काढा. आधी चहा होऊ द्या."

"अरे, चहा कसला! आकडा पाहिलास ना?"

"आकडा खराच असणार. पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहायला नको?"

मग त्याने मला समजावले, ते असे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. माझ्या भाषेत सांगायचे तर पेट्रोलच्या एका टँकवॅगनमध्ये साधारण सत्तर हजार लिटर मावते. अशा दोन टाक्या पाण्याने भरून त्यांत एक ग्रॅम मीठ टाकावे, आणि चमचाभर पाणी घेऊन कोणी ते मीठ मोजावे, असे हे काम! त्यात रक्त म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. प्रथिने, चरबी, क्षार यांची त्यात गर्दी. ती दूर करताना काही औषध गाळात जाते, काही नळीच्या काठाला चिकटते, आणि उरलेल्यांपैकी काही यंत्राच्या नजरेतून सुटते.

"म्हणजे वाटेत तूट येते," मी म्हणालो.

"येतेच. आणि दर खेपेला वेगळी येते."

"मग तुमचा आकडा खरा कसा? दावा कोणत्या आधारावर लावायचा?"

भाचा हसला. "मामा, तुम्ही रावेरला होतात तेव्हा दिल्लीला केळी जायची ना? समजा, तुम्ही वॅगनमध्ये किती घड चढवले ते मोजलेच नाही. वाटेत काही सडले, काही चोरीला गेले. दिल्लीत पोचल्यावर मूळचे किती होते ते कसे सांगाल?"

मी म्हणालो, "शक्यच नाही."

"आहे. निघताना मोजून शंभर घड घ्यायचे, त्यांना लाल दोरा बांधायचा आणि बाकीच्यांत मिसळून द्यायचे. दिल्लीत समजा साधे घड ३०० निघाले आणि लाल दोऱ्याचे ६०. एका लाल दोऱ्यामागे पाच साधे. मग निघताना लाल दोऱ्याचे शंभर होते, तर साधे किती?"

"पाचशे!" मी म्हणालो, आणि क्षणभर गप्प झालो. बत्तीस वर्षे तुटीचे कागद रंगवले, पण ही युक्ती कधी सुचली नाही. वाटेत किती गेले याचा शोधच घ्यायला नको! दोघांचे सारखेच गेले, एवढे पुरे.

पण त्यात एक अट आहे. खुणेचे घडही केळीचेच हवेत, त्याच जातीचे, तितकेच कच्चे. खूण म्हणून शंभर नारळ घातले तर नारळ शंभरच्या शंभर पोचतील, केळी सडतील आणि हिशेब साफ चुकेल. पूर्वी औषधाशी मिळताजुळता दुसरा पदार्थ खूण म्हणून घालत. आजही कधीकधी घालतात. पण तो शेवटी मिळताजुळताच. खरी खूण हवी ती औषधाच्या जुळ्या भावाची.

हा जुळा भाऊ कुठून आणायचा? येथे जड हायड्रोजन येतो. साध्या हायड्रोजनच्या अणूच्या गाभ्यात एक प्रोटॉन असतो. पण निसर्गात सुमारे साडेसहा हजार अणूंमागे एकाच्या गाभ्यात प्रोटॉनच्या जोडीला न्यूट्रॉनही असतो. त्याचे वजन दुप्पट, स्वभाव जवळजवळ तोच. त्याचे नाव ड्युटेरियम. अमेरिकेत हॅरल्ड युरी यांनी १९३१ साली तो शोधला आणि १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यात किरणोत्सर्ग नाही, तो शांतपणे बाटलीत राहतो. त्याचे माहेर म्हणजे जड पाणी. आपल्या देशात जड पाण्याचा पहिला कारखाना १९६२ साली नांगलला निघाला, आणि आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळला १९८७ पासून तो निघतो. अणुभट्ट्यांसाठी लागणारे हे पाणी. त्याच्याच कुळातला अणू औषध मोजायच्या कामी यावा, ही गंमतच!

एसिटालोप्रामच्या रेणूत एका टोकाला दोन मेथिल गट आहेत, प्रत्येकात तीन हायड्रोजन. हे सहाही हायड्रोजन जड घालून तो रेणू तयार करतात. विरघळणे, चिकटणे, गाळात जाणे, सारे साध्या भावासारखेच. फरक फक्त वजनात. रक्तद्रवाच्या नळीत प्रयोगशाळा सर्वांत आधी या जड भावाची मोजकी मात्रा टाकते, आणि मग पुढचा प्रवास सुरू होतो.

प्रवासाच्या शेवटी असतो वजनकाटा. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. रेणूंना विद्युतभार देऊन तो त्यांना वजनाप्रमाणे वेगळे करतो, जसे आम्ही यार्डात वॅगनी वेगळ्या लायनींवर काढत असू. साधा भाऊ ३२५ च्या लायनीवर जातो, जड भाऊ ३३१ च्या. खात्रीसाठी दोघांना फोडून तुकड्यांचेही वजन घेतात. मग दोघांचे प्रमाण काढायचे, की मूळ औषधाचा हिशेब हातात!

मी विचारले, "एकच जड हायड्रोजन घातला तर चालत नाही का? सहाचा खर्च कशाला?"

त्यालाही कारण आहे. निसर्गातल्या शंभर कार्बन अणूंत एखादा मुळातच थोडा जड असतो. या औषधात कार्बनचे वीस अणू. म्हणजे साध्या भावांतही दर पाच-सहांत एक आपोआप एका अंकाने जड निघतो. खुणेत एकाचाच फरक ठेवला तर हे उपजत जाडे भाऊ लाल दोऱ्याच्या घडांत मोजले जातील. म्हणून वजनात चांगले अंतर ठेवायचे, निदान तिघांचे तरी. शिवाय जड हायड्रोजन कार्बनलाच बांधावा लागतो. ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला बांधला तर तो पाण्यातल्या साध्या हायड्रोजनशी अदलाबदल करतो, आणि दोराच सुटून जातो.

ही कल्पना आली कुठून, हे भाच्याने सांगितले तेव्हा सौ. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. जर्मनीतून १९३३ साली अमेरिकेत आश्रयाला आलेले रुडॉल्फ शोनहायमर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी डेव्हिड रिटनबर्ग यांच्या जोडीने १९३५ साली चरबीच्या रेणूंना ड्युटेरियमची खूण बांधली आणि अन्न शरीरात कुठे जाते याचा माग काढला. पुढच्या सगळ्या खुणांचे मूळ तेथे आहे. पण त्यांना स्वतःलाच नैराश्याचे झटके येत, आणि १९४१ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. त्या वेळी या आजारावर गोळी नव्हती. ती यायला पुढे दहा-पंधरा वर्षे लागली. १९५२ साली क्षयाचे एक औषध घेणारे रोगी अमेरिकेत अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले, आणि १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलँड कून यांनी इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. पुढे १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये नैराश्यावरचे नॉर्ट्रिप्टिलिन हे औषध रोग्यांच्या रक्तात मोजण्यासाठी ड्युटेरियमची खूण वापरली गेली. शोनहायमर यांना जे औषध मिळाले नाही, ते मोजायला त्यांचाच दोरा कामी आला.

सौ.ने हळूच विचारले, "इतका शहाणा माणूस, त्यालाही झाले होते?"

"हो मामी. शहाणपणाचा त्याच्याशी संबंध नसतो."

ती आत गेली. मी पुन्हा माझ्या मुद्द्यावर आलो. "म्हणजे आकडा खरा. मग गोळीच खोटी!"

"तसे कसे म्हणता, मामा? आमचे निम्मे काम हेच असते. निरोगी माणसांना एकदा मूळ कंपनीची गोळी देतात, एकदा दुसरीची, आणि वेळोवेळी रक्त काढून ते याच रीतीने मोजतात. नुसती सरासरी नव्हे, तिच्याभोवतीचा संशयाचा सगळा पट्टा मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्क्यांत बसावा लागतो. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या वर्गांतल्या औषधांना आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून ही परीक्षा सक्तीची झाली. तुमच्या पट्टीचा इतिहास मला ठाऊक नाही. पण किंमत कमी म्हणून माल खोटा, हे काही हिशेबाला धरून नाही. आणि दुसरे असे, की लाल दोरा बांधतात तो नळीत. नळीच्या आधी काय घडले, हे त्याला कळत नाही. घड वॅगनमध्ये चढलेच नसतील, तर तो काय करील?"

हे वाक्य माझ्या डोक्यात घुमत राहिले. माल चढलाच नसेल तर! धक्क्यावर असे दावे मी किती पाहिले. दिल्लीला तूट म्हणून ओरड, आणि माल इथेच गोदामात!

रात्री सगळे निजल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. सौ. जागीच होती. मी काही विचारायच्या आतच तिने फडताळातून वेलदोड्यांची जुनी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. आत अर्ध्या अर्ध्या तोडलेल्या गोळ्या होत्या, आणि काही आख्ख्याही.

"अहो, रागावू नका. शेजारच्या काकू म्हणाल्या, या गोळ्यांची सवय लागते, मग जन्मभर सुटत नाहीत. आणि लोक काय म्हणतील? म्हणून अर्धीच घेत होते. कधी एक दिवस आड. तुम्ही दुकानदाराशी भांडायला निघालात तेव्हा जीव अर्धा झाला."

मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार तरी कुठे होता? तीन महिने मी गोळ्यांच्या किमतीचा हिशेब ठेवला, पट्ट्यांचा ठेवला. ती गोळी घेताना एकदाही शेजारी उभा राहिलो नाही.

पाडवा उलटल्यावर दोघे जळगावला गेलो आणि डबी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी सौ.ला समजावले, की ही दारूसारखी चटक लावणारी वस्तू नव्हे. मात्र ती मनाने सुरू-बंद करू नये; एकदम सोडली तर चक्कर येते, जीव घाबरा होतो. थांबवायची वेळ आली म्हणजे आम्हीच हळूहळू उतरवू. अशा गोळ्या ज्यांच्या घरी चालू असतील, त्या वाचकांनीही एवढे ध्यानात ठेवावे.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त मुंबईला गेले. गोळी त्याच दुकानातली, त्याच किमतीची. आकडा आला २१.

आता रात्री साडेनऊला माझी रक्तदाबाची गोळी आणि तिची गोळी एकाच ताटलीत येतात. पाण्याचा तांब्या मी आणतो. यंदा तुळशीला नवे रोप लावले आहे, आणि हे लिहीत असताना आतून भाजणीचा वास येतो आहे. मघाशीच तिने दारातून विचारले, "अहो, लिहून झाले का? साडेनऊ वाजले."