नौकांस लोहबंधन निषिद्ध होतें काय?

भोजराजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरु ग्रंथांतील नौकाप्रकरण अभ्यासकांस अपरिचित नाहीं. राधाकुमुद मुकर्जी यांनीं हिंदी नौकानयनावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत इ. स. १९१२ सालीं हस्तलिखितावरून त्याचा उपयोग केला व १९१७ त मूळ ग्रंथ कलकत्त्यास छापून निघाला. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबक तिला ओढून घेतो व ती नाश पावते, असें त्यांत सांगितलें आहे. एवढ्या वचनावरून आपल्या प्राचीन जहाजांत लोखंड मुळींच नसे असें विधान पुष्कळ ठिकाणीं आढळतें. चांदा, म्हणजे हल्लींच्या चंद्रपूर, जिल्ह्यांत संस्कृत शिकवीत असतां आम्हींही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें तेंच सांगितलें. तें सांगणें अर्धवट होतें हें आम्हांस कोंकणच्या किनाऱ्यावर कळलें, व तें दुरुस्त करण्यासाठींच हा लेख.

याच ग्रंथांत नौकांचे मंदिरावरून, म्हणजे वरील दालनांवरून, तीन भेद केले आहेत. सर्वमंदिरा ही राजाचें द्रव्य, घोडे व स्त्रिया यांच्या वाहतुकीस, मध्यमंदिरा ही विहारास व पावसाळ्यास, आणि अग्रमंदिरा ही वर्षाकाल संपल्यावर दूरच्या प्रवासास व युद्धास योग्य म्हटली आहे. आम्ही निघालों तोही आश्विनच होता. आमची अग्रमंदिरा मात्र एस. टी. ची मोटार होती.

प्रथम विजयदुर्ग पाहिला. तुळाजी आंग्र्यांपासून १७५६ त इंग्रजांनीं हा किल्ला घेतला व त्याच वर्षीं तो पेशव्यांकडे आला. पुढें धुळपांच्या हाताखालीं मराठी आरमाराचें ठाणें येथेंच होतें. वाघोटण खाडींतील जुन्या गोदीच्या कांठीं उभें राहिलें असतां गुराब व गलबत हे कागदांतील शब्द डोळ्यांपुढें आकार घेऊं लागतात. ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची व मोठें गलबत ७० टनांच्या आंतलें, चाळीस-पन्नास वल्ह्यांचें, असें वर्णन केलें आहे. मोठ्या गुराबा वारा पडला कीं गलबतांनीं ओढीत नेत.

तेथून मालवणास गेलों. हल्लीं मच्छीमारांच्या बहुतेक होड्या फायबरच्या झाल्या आहेत. तरी एका वाडींत लांकडी होडीची डागडुजी चालू होती. तेथील वृद्ध सुतारापाशीं आम्ही दोन दिवस बसलों. ती होडी खिळ्यांचीच होती. समुद्रावर लोखंड चालतें तर ग्रंथांत निषेध कां, या विचारानें आम्हीं त्यांस चुंबकाची कथा सांगितली. ते हंसले नाहींत. थोडा वेळ रंधा तसाच हातांत धरून म्हणाले, “गुरुजी, खिळो गंजलो काय फळी खाता, शिवण सैल झाली तर परत घालूक येता.” शिवण कोणती, असें विचारतां त्यांनीं आम्हांस गोव्याकडे जावयास सांगितलें.

गोव्याच्या किनाऱ्यावर रापणीच्या मासेमारीसाठीं शिवलेल्या होड्या आजही दृष्टीस पडतात. फळ्यांच्या कडांस भोंकें पाडून त्यांतून काथ्याची दोरी ओंवतात, सांध्यावर भर घालून ती ताणून आवळतात व वरून लेप देतात. अशी होडी लाटेंत किंवा वाळूवर आपटली तर किंचित् लवते, परंतु सांधा तुटत नाहीं. ही विद्या केवळ लहान होडीपुरती नव्हे. अजिंठ्याच्या चित्रांतील जहाजावरून गोव्यास बांधलेलें व काथ्यानें शिवलेलें कौंडिण्य हें शिडाचें जहाज २१ मे १९२५ रोजीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, २१ मे २०२५ रोजीं, कारवार येथें भारतीय नौदलांत दाखल झालें, ही गोष्ट जुन्या वस्तूंच्या अभ्यासकांसही विस्मयाची वाटेल.

आतां चुंबकाच्या कथेविषयीं. ती भोजाची एकट्याची नाहीं. दुसऱ्या शतकांतील टॉलेमीनें मानिओलाइ नांवाच्या बेटांपाशीं लोखंडी खिळ्यांचीं जहाजें अडकून पडतात असें लिहून ठेविलें आहे. सहाव्या शतकांतील प्रोकोपियस यानें मात्र ती खोडून काढली. तांबड्या समुद्रांत रोमन लोकांच्या जहाजांत पुष्कळ लोखंड असतें, त्यांस कांहीं होत नाहीं, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु पुढें तो म्हणतो कीं, हिंदी लोकांपाशीं लोखंडच नाहीं म्हणून ते जहाजें शिवतात. येथें आमच्यासारख्या चांदेकरास गप्प बसवत नाहीं. लोहारा व सूरजागड येथील लोखंडाच्या दगडाचे डोंगर ज्याच्या जुन्या चांदा जिल्ह्यांत होते, त्यानें हें कारण कसें मान्य करावें? दिल्लीचा लोहस्तंभ प्रोकोपियसाच्या आधींचा आहे.

तेव्हां चुंबकही नव्हे व लोखंडाचा अभावही नव्हे. शिवण्याची चाल आधीं होती. ती कां, हें सुतारास ठाऊक होतें व पंडितास नव्हतें, म्हणून पंडितानें प्रचलित कथा कारण म्हणून जोडली, असें आमचें मत आहे. शिवाय निषेध समुद्रगामी नौकांपुरताच आहे, हें आम्ही शिकवितांना गाळीत असूं. नदींतील नौकांस तो लागू नाहीं.

आणि नदीकडे पाहावें तर तेथें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. वैनगंगा व वर्धा चपराळ्यापाशीं मिळून प्राणहिता होते व ती सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. या नद्यांवर, तसाच भामरागडाकडे इंद्रावतीवर, जो जुना डोंगा चाले तो एकाच खोडाचा कोरलेला. त्यांत सांधाच नाहीं, मग खिळा कोठें मारावा आणि शिवण कोठें घालावी? संस्कृत द्रोणी व आपली डोणी यांचें नातें उघड आहे. याच पात्रांतून मोठ्या नौकांनीं वऱ्हाडचा कापूस पूर्वसमुद्रास न्यावा म्हणून इंग्रजांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत गोदावरी-प्राणहितेवरील खडकाळ धबधब्यांपाशीं कामें चालविलीं होतीं. तिसरा अडथळा देवलमरीपाशीं होता. पुष्कळ खर्च होऊन १८७१ त तो उद्योग सोडून देण्यांत आला, आणि डोंगा राहिला. आतां सिरोंचा व काळेश्वर यांच्यामध्यें गोदावरीवर पूल झाला आहे.

ज्या सद्गृहस्थांच्या संग्रहीं आरमारखात्याचे कागद असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, त्यांतील लढायांच्या हकीकतींबरोबर गोदीच्या जमाखर्चाचे बंदही वाचून पाहावेत. खिळे किती मण, काथ्या किती, राळ किती व कोणत्या जातीच्या तारवासाठीं, एवढ्या नोंदी उतरून मंडळाकडे पाठविल्यास हा प्रश्न ग्रंथवचनांवर अवलंबून राहणार नाहीं.