किनारा समजायचा तर बाजारगावी जावे

इंग्लंडच्या पूर्वेकडे उत्तर समुद्रात पुढे आलेल्या नॉरफोक काउंटीत जाणारे बहुतेक प्रवासी किनारा धरून फिरतात. क्रोमरचा १९०१ सालचा समुद्रात शिरलेला पूल, क्लाय गावाची पवनचक्की, ब्लेकनीच्या वाळूवर पहुडलेले सील आणि वेल्स गावाचे बंदर पाहिले की नॉरफोक पाहून झाले असे मानले जाते. आतल्या बाजूची होल्ट, एल्शॅम, फेकनम, नॉर्थ वॉलशॅम, स्वॉफम ही बाजाराची गावे वाटेत लागलीच तर चहापुरती. माझे म्हणणे असे आहे की ही वाटणीच मुळात चुकीची आहे. किनाऱ्यावरचे गाव आणि आतले बाजारगाव ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. एक टोक सोडून दुसरे पाहणाऱ्याला घरे दिसतात, दृश्ये दिसतात, पण ही गावे तिथे का वसली आणि पुढे अशी का झाली, हे कळत नाही. याचा पुरावा पुस्तकांपेक्षा माणसांच्या कामात जास्त स्पष्ट सापडतो.

क्रोमरच्या खेकड्यापासूनच सुरुवात करू. क्रोमरला बंदर नाही. छोट्या होड्या ट्रॅक्टरने पुळणीवरून पाण्यात ढकलतात आणि परत आल्या की तशाच ओढून वर घेतात. एका लांब दोराला ठरावीक अंतरावर बांधलेले वीस-पंचवीस पिंजरे समुद्राच्या तळाशी सोडलेले असतात. पिंजऱ्याचा तळ जड, वर जाळे आणि आत शिरायला नरसाळ्यासारखे तोंड. आतल्या मासळीच्या आमिषाला भुलून खेकडा आत जातो, पण त्याला बाहेरची वाट सापडत नाही. पिंजरा वर आला की निवड सुरू होते. पाठीच्या कवचाची रुंदी ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर खेकडा पुन्हा पाण्यात जातो. इंग्लंडच्या इतर बऱ्याच किनाऱ्यांवर ही मर्यादा याहून मोठी आहे, म्हणून क्रोमरचा खेकडा आकाराने लहानच ओळखला जातो. अंडी धरलेली मादी आणि नुकतीच कात टाकलेला मऊ कवचाचा खेकडाही सोडून देतात. उरलेले किनाऱ्यावर उकडले जातात. मग कवच उघडून कल्ले काढायचे, पाठीतले तपकिरी मांस आणि नांग्यांतले पांढरे मांस वेगवेगळे करायचे आणि स्वच्छ धुतलेल्या कवचात पुन्हा भरायचे. हे सगळे हाताचे काम आहे आणि ताजेपणावर त्याची किंमत ठरते. असा माल दूर पाठवायला वेळ नसतो. त्याला जवळचे गिऱ्हाईक लागते. क्रोमरच्या रस्त्यावरची दुकाने, आतल्या गावांतली मासळीची दुकाने आणि आठवडी बाजारातले गाडे हे ते गिऱ्हाईक. होडी समुद्राकडे तोंड करून निघते खरी, पण तिचा हिशेब जमिनीवरच पुरा होतो.

हे खेकडे जिथे राहतात तो तळ आणि आतली जमीनही वेगळी नाही. क्रोमरसमोरच्या पाण्यात चुनखडीचा मऊ पांढरा खडक मैलोन्‌मैल पसरला आहे आणि त्याच्या कपारींत खेकडे व शेवंडे आसरा घेतात. २०१६ साली या पट्ट्याला सागरी संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. तोच खडक पुढे जमिनीखालून जातो आणि काउंटीच्या मोठ्या भागाचा पाया होतो. नॉरफोकला घडवता येईल असा चांगला बांधकामाचा दगड जवळजवळ नाही. चुनखडीत सापडणारी कठीण, काळपट गारगोटी आहे. म्हणून ब्लेकनीतल्या कोळ्याच्या घराची भिंत आणि होल्टमधल्या व्यापाऱ्याच्या घराची भिंत एकाच मालाची असते. बाहेर गोल गोटे किंवा फोडलेल्या गारगोटीचे चकचकीत तोंड आणि कोपऱ्यांना विटा, कारण गारगोटीला सरळ कोपरा येत नाही. गारगोटीच्या याच अडचणीमुळे इथल्या शंभरावर जुन्या चर्चचे मनोरे गोल आहेत, असे बऱ्याच जाणकारांचे मत आहे. किनारा आणि आतला मुलूख यांच्यातली सीमा प्रवासी मनाने आखतो. भिंतींना ती माहीत नाही.

आता क्लायकडे पाहू. गावाच्या पूर्ण इंग्रजी नावात आजही समुद्र आहे, पण समुद्र गावापासून बराच लांब गेला आहे. चर्च अवाढव्य आहे, इतक्या लहान वस्तीला न शोभणारे. त्याच्या समोरच्या हिरवळीच्या सखल जागेत एकेकाळी जहाजे लागत. ग्लेव्हन नदीची खाडी तिथवर येत होती आणि क्लाय, विव्हटन, ब्लेकनी ही तिच्या काठची व्यापारी बंदरे होती. गाळ प्रत्येक खाडीत साचतो, पण इथे माणसानेही हात लावला. १६३७ साली सर हेन्री कॅल्थॉर्प या जमीनदाराने खारजमीन शेतीखाली आणण्यासाठी खाडीवर बांध घातला. व्यापाऱ्यांनी तक्रार केली, बांध पाडण्याचा हुकूमही झाला. तरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा बांधबंदिस्ती झाली आणि भरतीचे पाणी वरपर्यंत जाऊन गाळ धुऊन नेण्याचे बंद झाले. कोकणात खाजणांची बंदिस्ती पाहिलेल्या वाचकाला हे गणित लगेच समजेल. शेत मिळाले, बंदर गेले. क्लायच्या आजच्या शांततेचे कारण किनाऱ्यावर उभे राहून सापडत नाही. ते आतल्या शेतजमिनीच्या किमतीत आणि धान्याच्या भावात आहे.

ते भाव जिथे ठरत ती बाजारगावे नकाशावर मनमानी पसरलेली नाहीत. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या नावे चालणाऱ्या कायदाग्रंथात एक हिशेब आहे. माणूस दिवसाला वीस मैल चालतो. त्यातला एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश व्यवहाराला, एक तृतीयांश दिवसाउजेडी परतायला. म्हणून दोन बाजारांत साधारण पावणेसात मैलांपेक्षा कमी अंतर नसावे. प्रत्यक्षात हा नियम सर्वत्र पाळला गेला नाही, पण चालत्या माणसाच्या दिवसावर बाजार बेतलेला होता हे त्यातून दिसते. वारही वाटलेले आहेत. एल्शॅमचा बाजार सोमवारी, फेकनमचा गुरुवारी, स्वॉफमचा शनिवारी. १६०० च्या आगीनंतर १६०२ मध्ये पुन्हा उभारलेला नॉर्थ वॉलशॅमचा मार्केट क्रॉस म्हणजे विक्रेत्यांच्या डोक्यावरचे छप्पर. स्वॉफमच्या १७८३ च्या खांबांच्या मंडपावर धान्याची रोमन देवता सिरीस उभी आहे. बाजारचौकात मधोमध तिला उभे करणाऱ्यांना आपले पोट कशावर चालते याची पक्की जाणीव होती. गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर अशी चार पिकांची पाळी याच मुलखात रुळली आणि नॉरफोकच्याच नावाने ओळखली गेली. त्यातल्या जवाला मोड आणून माल्ट होई आणि वेल्सच्या धक्क्यावरून तो जहाजाने जाई. धक्क्यावर रस्त्याच्या वरून पुढे काढलेला सज्जा असलेले जुने कोठार आजही उभे आहे. धान्य थेट जहाजात उतरवता यावे म्हणूनच तो सज्जा आहे.

यावर कोणी म्हणेल की ही बंदरे समुद्रापारच्या व्यापारावर जगली, नेदरलँड्सशी, बाल्टिकशी, आइसलँडच्या मासेमारीवर. आतल्या गावांचे श्रेय त्यांना कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. पण जहाज रिकामे जात नाही. बाहेर काय गेले ते पाहावे. धान्य, लोकर, लोकरीचे कापड. वुस्टेडसारख्या आतल्या खेड्यात १३७९ पासून प्रचंड चर्च उभे राहिले ते कापडाच्या पैशावर. आत काय आले? कोळसा, लाकूड, कौले. हे खपले आतल्या गावांत. एल्शॅमने तर १७७९ मध्ये ब्युअर नदीवर बंधारे व दरवाजे घालून बोटींची वाट चौकाजवळ आणली, ती १९१२ च्या महापुरापर्यंत चालली. समुद्रापासून मैलोन्‌मैल आत असलेल्या बाजारगावाला स्वतःचा धक्का हवासा वाटला, यातच उत्तर आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बंदरे गाळात गेल्यावर या गावांना पर्यटनानेच तारले, मग प्रवाशाने किनाऱ्यावरच राहिले तर बिघडले कुठे? क्रोमरला १८७७ मध्ये रेल्वे आली. १८८३ मध्ये क्लेमेंट स्कॉट या पत्रकाराने लंडनच्या वर्तमानपत्रात या किनाऱ्याचे वर्णन केले आणि खसखशीच्या लाल फुलांचा मुलूख म्हणून त्याची कीर्ती पसरली. हॉटेले आली, रोजगार आला. हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच वेळी किनाऱ्याचे तोंड आपल्या बाजारगावाकडून लंडनकडे वळले. शेजारच्या गावच्या गिऱ्हाइकाच्या जागी दूरचा पाहुणा आला आणि कालांतराने पाहुण्याने घरच विकत घेतले. बर्नम मार्केट या नावातच बाजार असलेल्या, किनाऱ्यालगतच्या गावातल्या मतदारांनी २०२३ मध्ये नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत अशा आराखड्याला कौल दिला. पर्यटनाचा पैसा गावाला तारतो हे त्या गावाने अनुभवले आहे. तरीही गाव चालायला राहती माणसे लागतात हे त्याने मतपेटीतून सांगितले. सकाळी होडी ढकलणारा आणि खेकडा सोलणारा माणूस जवळ राहू शकला नाही, तर पाहुण्यापुढे ठेवायला खेकडाही उरणार नाही.

तिसरे म्हणणे असे की सुपरमार्केटच्या काळात आठवडी बाजार ही केवळ जुन्याची हौस आहे. बाजार लहान झाला आहे हे खरे. पण छोट्या उत्पादकाला मोठे दुकान दारात उभे करत नाही आणि बाजाराच्या गाड्याला मात्र रोजचा ठराविक माल लागत नाही. खराब हवेत चार दिवस होडी निघाली नाही तर सुपरमार्केटचा करार मोडतो, गाड्याचा मोडत नाही. मासेमारीचा अनिश्चितपणा सहन करण्याची ताकद आजही जवळच्या बाजारात आहे, म्हणून त्याचे महत्त्व भावनेपुरते नाही.

म्हणून नॉरफोकला जाणाऱ्याने क्रम उलटा करावा. गुरुवारी आधी फेकनमच्या चौकात जावे, कोणता माल कुठून येतो ते विचारावे, मग वेल्सच्या धक्क्यावर उतरावे. आणि काउंटीचा कारभार पाहणाऱ्यांनी किनाऱ्यावरची घरे, होड्या लावायची जागा आणि आतल्या चौकातले बाजारगाळे यांचा विचार वेगवेगळ्या बैठकांत न करता एकत्र करावा. क्लायच्या लोकांनी शेत आणि बंदर यांची फारकत काय किंमत मागते ते सोसून पाहिले आहे. तीच चूक आता घर आणि धंद्याच्या बाबतीत करायची की नाही, हे ठरवायला नॉरफोककडे अजून वेळ आहे.