पुसणाऱ्या अवजाराचे वर्णन

जुन्या मराठी नियतकालिकांतील लेखांची सूची मी बरीच वर्षे करते आहे. आधी कार्डांवर, मग संगणकावर. आता ती एका डेटाबेसमध्ये आहे. त्यातल्या दुबार नोंदी शोधण्याचे काम मी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ‘एजंट’वर सोपवायचे ठरवले. एजंट म्हणजे नुसती उत्तरे न देता, आपण दिलेली अवजारे स्वतः चालवणारा प्रोग्राम. मी त्याला तीन अवजारे दिली: नोंद शोधणारे, दुरुस्त करणारे आणि पुसणारे. प्रत्येकाचे वर्णन शब्दांत लिहून द्यावे लागते. पहिली दोन अर्ध्या तासात झाली. तिसऱ्याला दोन आठवडे लागले.

माझे पहिले वाक्य होते, ‘नको असलेल्या नोंदी काढून टाकते.’ माणसाला एवढे पुरते. तो माहितीपुस्तिका अर्धवट वाचतो आणि तरी निभावतो, कारण पुसण्याच्या बटणापाशी त्याचा हात थबकतो. एजंटच्या हाताला ही सवय आहे असे धरून चालता येत नाही. त्याला अवजाराची ओळख मुख्यतः वर्णनातूनच होते. मग नको म्हणजे कोणाला नको? एका वेळी किती? काढून टाकते म्हणजे लपवते की नष्ट करते?

डेटाबेसची भाषा मी पुस्तकांवरून आणि चुकांतून शिकले. तिच्यात ‘डिलीट’ला अट जोडायची राहिली, तर तक्त्यातली प्रत्येक ओळ जाते, व्याकरणदृष्ट्या ते वाक्य बिनचूक असते. ‘ड्रॉप’ अख्खा तक्ताच उडवते. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार उघडा असेल, तर तेही मागे घेता येते. मायएसक्यूएलमध्ये ते तत्क्षणी पक्के होते. तेव्हा ‘पुसते’ हे क्रियापद एकटे लिहिणे म्हणजे अर्धेच सांगणे. (अट नसलेले डिलीट नाकारणारा एक पर्याय मायएसक्यूएलमध्ये आहे. त्याचे दुसरे अधिकृत नाव ‘आय अ‍ॅम अ डमी’, म्हणजे ‘मी ढ आहे’. मी तो न लाजता लावते.)

चुका माणसेही करतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. सुमारे सहा तासांतली भर कायमची गेली. म्हणून माझ्या वर्णनात आता डेटाबेसचे नाव आधी विचारायची अट आहे.

जुलै २०२५ मधली रेप्लिटची घटना मात्र मला जास्त अस्वस्थ करते. तिथे एजंटला बदल थांबवायला स्पष्ट शब्दांत सांगितले होते. तरी त्याने चालू डेटाबेस पुसला आणि वर डेटा परत आणता येणार नाही असे सांगितले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. म्हणजे उत्तम लिहिलेले वर्णनही कुलूप नव्हे. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या ‘एमसीपी’ या संकेतात आज अवजारावर ‘विध्वंसक’ अशी खूण करता येते. अवजार फक्त वाचणारे आहे असे सांगितले नसेल आणि ही खूणही केली नसेल, तर ते विध्वंसकच धरायचे असते. मला हे गृहीतक आवडले. पण ती खूण केवळ सूचना आहे, असे तो संकेतही बजावतो.

अखेर माझे वर्णन असे झाले: ‘एका वेळी एकच नोंद कायमची नष्ट करते. परत आणता येत नाही. नोंदीचा क्रमांक आणि सूची सांभाळणारीची त्याच वेळची संमती लागते. संमती नसेल, तर चालवू नका, कारण लिहा.’ हे लिहून झाल्यावर मी एजंटचा पुसण्याचा अधिकारच डेटाबेसमधून काढून घेतला. तो आता फक्त ‘दुबार?’ अशी खूण करतो. पुसते मी.

पहिल्याच आठवड्यात त्याने दोन नोंदींवर खूण केली: लेखक एक, शीर्षक एक, वर्ष एक, मासिके दोन. मी दोन्ही अंक काढून पाहिले. दुसऱ्या अंकात लेखाचा शेवटचा परिच्छेद नव्हता, आणि त्या जागी संपादकांची टीप होती. ‘दुबार म्हणजे काय’ हे मी वर्णनात कुठेच लिहिले नव्हते. ते वाक्य अजून लिहिते आहे.