मागची बाजू पाठव

सकाळी 6. इंग्लंडातले विकणारे अजून झोपलेले असतात, त्यामुळे पहाटेचा वेळ नुसता बघण्याचा. जुनी, चित्रं छापलेली पोस्टकार्डं हा माझा धंदा. त्यातही मुंबईची, साधारण 1900 ते 1930 मधली. साहेब ती इथून मायदेशी पाठवायचा, त्यामुळे आज प्रभादेवीतल्या माणसाला राजाबाई टॉवरचं कार्ड ब्रिस्टलहून मागवावं लागतं. रात्रीत लिलावाला लागलेला माल चाळायचा, बरा वाटेल त्यावर खूण करायची. बोली आत्ता लावायची नाही. लवकर बोली लावणारा फक्त भाव चढवतो.

साडेआठ. लालबागचा एक रद्दीवाला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. "काका, साहेबी कार्डं आहेत. एकदम कोरी!"

"मागची बाजू पाठव."

पुन्हा पुढच्याच बाजूचा फोटो येतो, या वेळी जास्त जवळून.

"अरे बाबा, मागची. आणि खिडकीशी तिरकं धरून एक काढ."

या धंद्यात दिवसभर मी हेच एक वाक्य बोलत असतो. पुढची बाजू सगळे छान दाखवतात. समोरून उजेड पडला की चुण्या दिसत नाहीत. तिरक्या उजेडात कोपऱ्यातली घडी सावली टाकते आणि उघडी पडते. मागच्या बाजूला अल्बममधून ओरबाडून काढल्याचे डिंकाचे डाग, सोललेला कागद, तिकीट उपटल्याची जागा असं सगळं असतं. शिवाय कार्डाचं वयही तिथेच कळतं. ब्रिटनमध्ये 1902 पर्यंत पत्त्याच्या बाजूला दुसरं काही लिहायची मुभा नव्हती, म्हणून तोवरच्या कार्डांवर खुशाली चित्राच्या कडेने कोंबलेली असते. काही गिऱ्हाइकं अशा कार्डाला "लिहिलेलं आहे" म्हणून नाक मुरडतात. मला ती हौस कळत नाही. पोस्टकार्ड लिहायलाच असतं.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांना पीएसए नावाची कंपनी 1991 पासून 1 ते 10 असे गुण देते आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते. पोस्टकार्डांना मी पाहिलेल्या बाजारात असा शिक्का नसतो. डोळा हाच परीक्षक. पण शिक्क्याचंही फार कौतुक करू नये. त्या कंपनीने अगदी सुरुवातीला होनस वॅग्नर या खेळाडूच्या एका कार्डाला 8 गुण दिले होते. त्याच कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली एका लिलाववाल्याने 2013 मध्ये कोर्टात दिली.

अकरा. पाकीट येतं, आणि खरं काम सुरू होतं. टेबलावर पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या उजेडाचा टॉर्च. आज आलेलं कार्ड महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्राचं, निदान विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आयुष्य घालवलेल्या या चित्रकाराने (1867–1944) मुंबईतल्या माणसांची कार्डं काढली होती, आणि आज ती नव्याने छापून जुनी म्हणून खपवायला सोपी जातात.

आधी माप. त्या काळचं कार्ड साधारण साडेपाच इंच बाय साडेतीन. हे लांबीत थोडं कमी भरतं. एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही, छापखान्यागणिक थोडाफार फरक असायचाच. मग कडा बघायच्या. तीन कडा पिवळसर, चौथी पांढरीधोप. मऊ पडलेला कोपरा कोणीतरी कात्रीने "दुरुस्त" केलाय. नंतर भिंग. शिळाप्रेसवरच्या छपाईत रंगाचे कण वाळू सांडल्यासारखे वेडेवाकडे दिसतात. आजच्या ऑफसेटमध्ये चार रंगांच्या ठिपक्यांची नेमकी नक्षी दिसते. इथे कण वेडेवाकडेच आहेत. शेवटी दिवा मालवून टॉर्च. कागद पांढराशुभ्र व्हावा म्हणून त्यात घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. ती असतील तर कागद निळसर झळकतो. हा मंदच राहिला. म्हणजे कार्ड अस्सल आहे आणि कापलेलंही. ठेवायचं, पण कापल्याचं लिहूनच विकायचं. किंमत निम्म्याखाली जाते, जाऊ दे.

गुण द्यायचेच तर माझा हिशेब अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, चार महिने पावसाच्या ओलीत, ट्रंकेत राहिलेल्या कागदाला तांबूस ठिपके पडणार, कसर लागणार, एखादा कोपरा वाळवी नेणार. इंग्लंडातल्या कोरड्या माळ्यावरून आलेलं कार्ड स्वच्छ असू शकतं. पण लालबागच्या ट्रंकेतून "एकदम कोरं" कार्ड निघालं तर मी आधी टॉर्च शोधतो.

दोन. जेवण, थोडी वामकुक्षी. मग पाकिटं बांधायची. कार्ड आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये. चिकटपट्टी कार्डाला लागता कामा नये. पोस्टात रांग असते. पूर्वी अशी पाकिटं रजिस्टरने जायची. 2025 मध्ये रजिस्टर स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं.

चार. इंग्लंड जागं झालं. "वयाच्या मानाने उत्तम" हे त्यांचं लाडकं वर्णन, म्हणजे नेमकं काय ते प्रत्येकाला विचारावं लागतं. एकाने हॉर्नबी रोडचं कार्ड "अंदाजे 1900" म्हणून लावलंय. चित्रात रस्त्यावर विजेच्या तारा आणि ट्राम. मुंबईत घोड्यांची ट्राम 1905 पर्यंत धावली, विजेची आली 1907 मध्ये. तेव्हा 1900 शक्य नाही. मागे पंचम जॉर्जचं तिकीट आहे, म्हणजे टपालात पडलं 1911 नंतर. छापलं त्याआधीही असेल. विकणाऱ्याला कळवलं तर तो आभार मानतो आणि तारीख तशीच ठेवतो.

साडेसात. एक संग्राहक फोनवर. त्यांच्या ओळखीच्या कुणाला लंडनमध्ये कार्डं हवी आहेत. "पाठवून द्या की, साध्या पाकिटात!" नाही म्हणतो. शंभर वर्षांपुढच्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर 1972 च्या कायद्याचं बंधन आहे. आणायला हरकत नाही, पाठवायला आहे. त्यांना राग येतो.

अकरा. आज सोमवार. उद्याच्या दर्शनासाठी सिद्धिविनायकाकडे निघालेली अनवाणी माणसं खालून जायला लागतात. खिडकी लावून घेतो.

साडेबारा. उन्हाळ्यात हे तिथले रात्रीचे आठ. बहुतेक लिलाव याच सुमाराला संपतात. ट्रामच्या कार्डासाठी मी कागदावर आकडा लिहून ठेवलाय, कारण शेवटच्या मिनिटात हात सैल होतो. डावीकडचा वरचा कोपरा किंचित दुमडलेला, मागे डिंकाचा एक डाग, बाकी धड. त्या डागाचे पैसे कापूनच आकडा काढला होता. शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा बोली टाकली. दोन सेकंदांत कोणीतरी माझ्या दुप्पट गेलं. वर्णनात मागच्या बाजूचा फोटो नव्हताच. मला मागितल्यावर मिळाला होता. त्या माणसाने मागितला होता का, कोण जाणे. विकणाऱ्याकडे पवईच्या तलावाचं आणखी एक कार्ड आहे, परवा संपतंय. त्याच्या पाठीचा फोटो आत्ताच मागून ठेवला.